ब्रशाबाहेर गेलेला तीळ

सासूबाईंच्या डाव्या गालावरचा तीळ सूनबाई गेली बावीस वर्षं पुसत आली होती. पुसत म्हणजे फोटोत. प्रत्यक्षात सासूबाईंच्या गालाला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती.

फोटो स्टुडिओ सासूबाईंचा. सासरे होते तेव्हा कॅमेऱ्यामागे तेच उभे राहायचे, पण गिऱ्हाईक यायचं ते बाईंच्या हातासाठी. फिल्मच्या काळात त्या दुकानाच्या खिडकीशी बसायच्या, डोळ्याला भिंग लावायच्या आणि पेन्सिलीने, केसाएवढ्या बारीक ब्रशाने लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग, पुरळ, व्रण आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं निगेटिव्हवरच बुजवून टाकायच्या. बाजारात त्यांचं नावच पडलं होतं भिंगबाई. त्यांच्या हातून गेलेला फोटो पाहून जन्मदाती आईसुद्धा दोन मिनिटं विचारात पडेल असं लोक म्हणायचे, आणि ते कौतुकाने म्हणायचे हे विशेष.

दुकानाचे नियम दोनच, पण कडक. पहिला, कुठलाही चेहरा दुकानाबाहेर जाताना स्वच्छ गेला पाहिजे. दुसरा, स्वच्छ केल्यावर मूळ फोटो ठेवायचा नाही. कॉम्प्युटर आला तसा हा दुसरा नियम आणखी कडक झाला. काम झालं की मूळ फाइल त्याच दिवशी उडवायची. "मूळ राहिलं की कधीतरी कुणाच्यातरी हाताला लागतं," सासूबाई म्हणायच्या, "आणि मग गावभर बोभाटा. लोक आपल्याकडे विश्वासाने तोंड घेऊन येतात." लांबच्या नात्यातली एक मुलगी मदतीला होती. तिने एका नवरीचा मूळ फोटो गंमत म्हणून मैत्रिणीला दाखवला, तर दुसऱ्या दिवशी तिची रवानगी. रडली, पाया पडली, काही उपयोग झाला नाही.

आणखी एक गोष्ट या दुकानात दरवर्षी व्हायची. दुकान उघडलं त्या तारखेला घरातल्या प्रत्येकाचा एकेक फोटो काढायचा आणि सासूबाईंचा दर्शनी काचेत लावायचा. त्यासाठी स्टुलाच्या पायांच्या खुणा जमिनीवर ऑइलपेंटने केलेल्या होत्या, ट्रायपॉडच्याही होत्या. दिवे तिथेच, अंतर तेच, मान तेवढीच उजवीकडे. "माणूस बदलला की नाही ते तेव्हाच कळतं, जेव्हा बाकी काही बदललेलं नसतं," हे सासूबाईंचं म्हणणं. आता बाईंच्या गालावरचा मसुराएवढा तीळ मात्र त्या फोटोत कधीच नसायचा. सूनबाईने त्याच्यासाठी कॉम्प्युटरवर बरोब्बर मापाचा एक ब्रश साठवून ठेवला होता. त्याला नाव दिलं होतं 'आई'. ब्रश उघडायचा, तिळावर टेकवायचा, एक क्लिक, तीळ गायब.

यंदा क्लिक केलं आणि तीळ गेला नाही.

म्हणजे मधला गेला, पण खालच्या अंगाला तपकिरी चंद्रकोर तशीच राहिली. सूनबाईला वाटलं, स्टूल हललं असणार. तिने मागच्या वर्षीचा फोटो शेजारी उघडून कानाच्या पाळीचं माप घेतलं. पाळी तेवढीच. नाकपुडी तेवढीच. फक्त तीळ ब्रशाच्या बाहेर गेला होता. तिने क्लिक मागे घेतलं, तीळ परत आणला आणि पडद्यावर तळहाताएवढा मोठा केला. त्याचा वरचा अर्धा भाग एका आकाराचा, खालचा भलत्याच. कड टीपकागदावर शाई पडावी तशी फुटलेली. रंग एक नाही, तीन. मध्ये काळा, बाजूला चहासारखा, आणि एका कोपऱ्यात राखेसारखा करडा ठिपका.

दुपारी दुकान बंद असताना तिने कॉम्प्युटरवर शोधून वाचायला सुरुवात केली. दोन अर्धी जुळत नसतील, कड तुटक असेल, रंग एकापेक्षा जास्त असतील, पेन्सिलीच्या मागच्या रबरापेक्षा मोठा असेल, आणि मुख्य म्हणजे पूर्वीपेक्षा बदललेला असेल, तर तीळ डॉक्टरांना दाखवा. वाचता वाचता तिची पाचावर धारण बसली. यातली एकही खूण सुटलेली नव्हती.

संध्याकाळच्या चहाला तिने विषय काढला. "आई, तुमचा तीळ वाढलाय. आपण डॉक्टरांना दाखवून येऊ."

"कोण म्हणतं वाढलाय?"

"मी म्हणते. ब्रश पुरला नाही आज."

"मग ब्रश मोठा घे." सासूबाईंनी बशीत चहा ओतला. "सोळाव्या वर्षापासून आहे तो तिथे. त्याला दाखवायचं काय?"

"पूर्वी असा नव्हता."

"पूर्वी कसा होता?" सासूबाईंच्या डोळ्यांत एकदम चमक आली. भांडणात समोरच्याचा पाय घसरलेला त्यांना लांबून दिसायचा. त्यांनी हात करून भिंत दाखवली. भिंतीवर दर्शनी काचेतून उतरवलेले दर वर्षीचे फोटो ओळीने लावलेले होते. "हे बघ, हे सगळे तुझ्याच हातचे. कुठेय यात तीळ? मला तर एकातही दिसत नाही. जिला बावीस वर्षांत तीळच नाही, तिला डॉक्टरकडे नेऊन काय सांगणार आहेस तू?"

सूनबाईचा नवरा फिस्सकन हसला आणि चहा नाकात गेला म्हणून खोकत बसला. "तो पहिल्यापासूनच आहे गं," तो म्हणाला, "मी लहानपणापासून बघतोय." हा माणूस घरातला पडदा बदलला तर तीन महिन्यांनी ओळखणारा. पण आईच्या बाजूने साक्ष द्यायला एका पायावर तयार.

सूनबाईने कपबशा उचलल्या. तिला राग आला होता, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. दरवर्षी त्या गालाच्या इतकं जवळ तिच्याशिवाय कुणीच गेलेलं नव्हतं. बावीस वेळा तो तीळ तिने डोळ्यांसमोर मोठा करून पाहिला होता, आणि पाहिला म्हणजे काय, तर घालवायला पाहिला होता. त्याच्याकडे तीळ म्हणून तिने कधी बघितलंच नव्हतं.

आणि आता खरी अडचण. पुरावा होता.

सूनबाईने मूळ फाइली उडवलेल्या नव्हत्या. बारा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने 'माझं नाकच बदललं' म्हणून तमाशा केला होता आणि दाखवायला हाती काही नव्हतं. तेव्हापासून ती प्रत्येक मूळ फाइल एका डबीएवढ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची आणि ती डिस्क जुन्या रसायनांच्या कपाटात, फुटक्या ट्रेखाली ठेवायची. कुणालाही तिने याचा थांगपत्ता लागू दिला नव्हता, नवऱ्यालाही नाही. हे बाहेर पडलं तर सासूबाई तिला कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीवर पुन्हा बसू देणार नाहीत, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. आणि ती खुर्ची हेच तर तिचं त्या घरातलं स्वतःचं होतं. स्वयंपाकघर सासूबाईंचं, कपाटाच्या किल्ल्या सासूबाईंच्या, नवरासुद्धा अर्ध्याहून जास्त त्यांचाच.

रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाल्यावर सकाळी मात्र तिचा निर्धार झाला होता. खुर्ची गेली तर गेली, असं ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली आणि तिने डिस्क काढली. पासपोर्ट फोटोचा कागद असतो ना, एका कागदावर आठ फोटो, तसाच कागद तिने लावला. फक्त त्यात आठ चेहरे नव्हते. आठ वर्षांचे आठ तीळ होते, एकाच मापाचे, शेजारी कानाची पाळी ठेवलेली, म्हणजे कमीजास्तीची कुणी शंका काढायला नको. एकाही फोटोला तिने ब्रश लावला नाही. छापून झाल्यावर तो कागद तिने सासूबाईंपुढे ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

सासूबाईंनी आधी कागदाकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग पुन्हा कागदाकडे.

"हे कुठून आलं?"

"मूळ फाइली आहेत माझ्याकडे."

"किती?"

"सगळ्या. बारा वर्षांच्या."

मागे नवऱ्याने लेन्स पुसणं थांबवलं.

"मला न विचारता," सासूबाई म्हणाल्या.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. आणि मग आज तुम्ही मला भिंत दाखवत बसला असता आणि मी गप्प बसले असते." सूनबाईने आवाज खाली येऊ दिला नाही. "उद्यापासून मला दुकानात येऊ देऊ नका. हवं तर त्या मुलीसारखं मलाही काढा, मी एक शब्द बोलणार नाही. पण डॉक्टरकडे आज चला. तुम्हाला काही झालं ना आई, तर मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही."

हे शेवटचं वाक्य कसं निघालं ते तिचं तिलाच कळलं नाही. सासूबाईंनाही कळलं नसावं, कारण त्यांनी नुसतीच मान हलवली आणि भिंग डोळ्याला लावलं.

मग त्या जातीवर गेल्या. "हा तिसरा तिरका छापलायस. चौथ्याला उजेड जास्त पडलाय." बोट पुढे सरकत होतं. पाचव्यावर ते थांबलं. सहाव्यावर गेलं, परत पाचव्यावर आलं. सातव्यावर बराच वेळ राहिलं. आठव्यावर त्यांनी बोट ठेवलंच नाही. आयुष्यभर लोकांच्या चेहऱ्यांतली खोट शोधलेली बाई ती. स्वतःच्या चेहऱ्यातली समोर आल्यावर खोटं बोलणं तिला जमेना.

"इथून बिघडलंय," पाचव्यावर नख टेकवून त्या म्हणाल्या. "इथे कड सुटलीय. यानंतर सावरलेलीच नाही." भिंग उतरवून त्यांनी पदराने पुसलं. "माझ्या चपला कुठे आहेत?"

कातडीचे डॉक्टर तरुण होते, आणि दुपारपर्यंत बरेच पेशंट तपासून झालेले असावेत. खोली छोटीशी. एक टेबल, एक वजनकाटा, हात धुवायचं बेसिन आणि खिडकीला दुधी काच. सासूबाई खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच पाहिलं.

"काय होतंय आजी?"

"होत काहीच नाही. तीळ वाढलाय."

"दुखतो? खाजतो? रक्त वगैरे?"

"नाही."

"मग घाबरायचं कारण नाही. या वयात उन्हाने असे डाग येतातच. सहा महिन्यांनी दाखवा." आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटीकडे हात नेला.

सासूबाईंना पळवाट हवी होती तर ती आता डॉक्टरांनीच मोकळी करून दिली होती, आणि तीही शिक्क्यासकट. 'बघ, म्हटलं नव्हतं?' हे घरी गेल्यावर सूनबाईला जन्मभर ऐकायला लागणार होतं. सासूबाईंनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, अर्धवट उठल्या आणि परत बसल्या.

"डॉक्टर, तुमच्याकडे भिंग आहे?"

"आहे की."

"ते कशाला ठेवलंय?"

डॉक्टरांचा हात घंटीवरच राहिला.

"मी पन्नास वर्षं हेच काम केलंय," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्यांच्या तोंडावरचे डाग बघायचे. वयाचा डाग मला दाखवू नका, हजारांनी पुसलेत. त्याचा रंग एकसारखा असतो आणि कड धड असते. हा तो नाही. अगं, दे तो कागद यांना." सूनबाईने कागद पुढे केला. "हे आठ वर्षांचे आहेत. पहिले चार एक, पुढचे चार वेगळे. तुम्ही बघा. बघून मग म्हणा आजी घरी जा, मी जाईन. न बघता म्हणाल तर बाहेर किती का रांग असेना, मी या खुर्चीतून हलत नाही. आणि आजी म्हणू नका. तुमच्याएवढा नातू नाही मला."

डॉक्टर रागावले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी कागद पाहिला, घंटी बाजूला सारली आणि खणातून दिवा लावलेलं भिंग काढलं. गालावर कसलासा थेंब टाकून ते टेकवलं. मग त्यांनी दुसरा गाल पाहिला, कानामागे पाहिलं, मान पाहिली, केसांत भांगाभांगाने पाहिलं, हात आणि पाय पाहिले. घरात कुणाला असं काही झालं होतं का विचारलं. उन्हात बसायची सवय विचारली, आणि खिडकीशी बसून केलेल्या कामाचं सगळं ऐकून घेतलं.

"याचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल," ते म्हणाले. "आजच काढू." मग थोडं थांबून, सुनेकडे बघत: "फोटो नसते तरी चाललं असतं. बदललाय असं तुम्ही सांगितलंत, तेवढ्यावरच मी उठून बघायला हवं होतं. चूक झाली माझी."

"ते असू दे," सासूबाई म्हणाल्या. "दुखेल का?"

"सुई टोचेल, तेवढंच."

"मग टोचा."

तपासणीचा निकाल यायला अकरा दिवस लागले. सूनबाईने त्या अकरा दिवसांत दोनदा भात करपवला आणि एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याच गिऱ्हाइकाचे फोटो दिले. तिला खुर्चीवरून कुणी उठवलं नव्हतं. त्या विषयावर सासूबाई एक अक्षर बोलल्या नव्हत्या, आणि त्यांच्या न बोलण्याचीही तिला भीती वाटत होती. सासूबाई मात्र गालावर पट्टी लावून दुकानात ठाण मांडून बसायच्या. 'हे काय झालं?' असं कुणी विचारलं की 'तीळ तपासायला दिलाय' असं खणखणीत सांगायच्या. कुणी हळहळायला लागलं की त्याचीच मान धरून उजेडात वळवायच्या. "हा तुझ्या कानाशी आहे तो कधीपासून? वाढला तर नाही ना? जा, दाखवून ये." पासपोर्टचे फोटो काढायला आलेली माणसं कावरीबावरी होऊन आरशात बघत बसायची.

निकाल आला तो कॅन्सरचाच. पण वरवरचा, कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातला. खाली उतरलेला नव्हता. डॉक्टरांनी कागदावर रेघा काढून समजावलं: हा वरचा थर, हा खालचा, हे इथवर आलंय, इथे पोचलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आता आजूबाजूची थोडी चांगली कातडीही काढायची, आणि मग ठरावीक महिन्यांनी येऊन तपासून घ्यायचं. सूनबाईला सगळ्या रेघा एकमेकींत मिसळलेल्या दिसायला लागल्या तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय. सासूबाईंनी कोरड्या डोळ्यांनी सगळं ऐकलं. मग तिचा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली.

"तुमच्या मुलालाही एकदा तपासून घ्या," डॉक्टर म्हणाले. "रक्ताच्या नात्यात जरा लक्ष ठेवलेलं बरं. आणि घरच्या घरीही महिन्यातून एकदा अंग बघत जा. पाठ आपली आपल्याला दिसत नाही, ती दुसऱ्याने बघायची."

आजूबाजूची कातडी काढायचं ऑपरेशन झालं. डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत टाक्यांची रांग आली. घरी आल्यावर दोन दिवस सासूबाई पडून होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दुकानाचं दार आतून लावून घेतलं, मोठे दिवे लावले आणि मुलाला शर्ट काढायला लावला. पन्नाशीला आलेला तो बाप्या गुदगुल्या होतात म्हणून वळवळत होता. आईने पाठीत एक रट्टा घातला तेव्हा तो सरळ उभा राहिला. सगळं बघून झाल्यावर "ठीक दिसतंय, तरी डॉक्टरांना दाखवायचं," असं म्हणून त्यांनी त्याला बाहेर पिटाळलं.

"आता तू ये."

"मी कशाला?" सूनबाई दोन पावलं मागे सरली. "डॉक्टरांनी रक्ताच्या नात्याचं सांगितलंय. मी काही तुमच्या रक्ताची नाही."

सासूबाईंनी दिवा तिच्याकडे वळवला. टाके ओढले जात होते म्हणून त्यांना नीट बोलता येत नव्हतं, पण गप्प बसणं त्यांना त्याहून अवघड होतं.

"रक्ताच्या पोराला आईचा तीळ दिसला नाही," त्या म्हणाल्या. "कटकट करू नकोस. पाठ कर."

सूनबाईने पाठ केली. तिने ब्लाउजची बटणं काढली. बावीस वर्षांत या बाईंसमोर तिने कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. दिव्यांची ऊब उघड्या पाठीवर आली, आणि मग सासूबाईंचं बोट. मानेपासून ते सावकाश खाली येत होतं, प्रत्येक तिळाशी थांबत होतं, आणि सासूबाई पुटपुटत मोजत होत्या. एक, दोन, तीन. आपल्या पाठीवर इतके तीळ आहेत हेच तिला ठाऊक नव्हतं. तिला खूप रडू येत होतं आणि ते लपवावंसं वाटत नव्हतं.

बोट नऊवर थांबलं. खांद्याच्या हाडाखाली, डाव्या बाजूला. तिथेच राहिलं.

"हा कधीपासून आहे?"

"कुठला? मला नाही दिसत, आई."

"मला दिसतोय ना," सासूबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी निघू."